दूध पाण्याले शिवत नाही

मोहफाट्याच्या दूध शीतकरण केंद्रात कोणी नवखा माणूस आला, की किसनसिंग राठोडला राहवत नसे. बचत गटाच्या बाया असोत, शाळेची सहल असो, नाहीतर टायर पंक्चर झालं म्हणून घोटभर पाणी प्यायला थांबलेला पुसदचा एखादा व्यापारी असो. किसनसिंग फडक्याला हात पुसायचा आणि त्या माणसाला थेट मशीनपाशी घेऊन जायचा. पाणी मागाहून मिळायचं.

मशीन दिसायला फार काही नव्हतं. एका लोखंडी चौकटीत स्टीलच्या पातळ प्लेटा उभ्या, एकीला एक खेटून, लांब बोल्टांनी आवळून बसवलेल्या. प्रत्येक प्लेटीवर नागमोडी पन्हळी उठवलेल्या आणि कडेनं काळी रबरी पट्टी. एका अंगानं दुधाचा पाइप आत गेलेला, दुसऱ्या अंगानं बर्फगार पाण्याचा. ज्याला सांगितलं नाही त्याला वाटावं, कोणी ताटं धुऊन ओळीनं उभी करून ठेवली आहेत.

"हे दोन प्लेटांच्या मधातली फट," किसनसिंग बोट दाखवायचा, "हिच्यात दूध. पुढच्या फटीत गार पाणी. मंग पुन्हा दूध, मंग पुन्हा पाणी. मधात फक्त हा पत्रा, नखाएवढा पातळ. दुधाची गरमी पत्र्यातून पाण्यात जाते आन दूध गार होते. पण दूध पाण्याले शिवत नाही. थेंबभर बी नाही. गरमी तेवढी इकडून तिकडं जाते, माल आपापल्या जागी राह्यते."

एखादा चौकस निघालाच आणि त्यानं विचारलं, की रबर फाटलं तर काय, तर किसनसिंग मनापासून खूश व्हायचा. "फाटलं तं दूध बाहेर सांडते, फरशीवर दिसते. आत मिसळत नाही. बनवणाऱ्यानं तसा इचार करूनच बनवलं हाय." मग तो दुधाची आणि पाण्याची उलटसुलट वाट समजावायचा. दूध या टोकाकडून त्या टोकाकडं जातं, पाणी त्या टोकाकडून या टोकाकडं येतं. "सोबत काहून नाही सोडत? सोबत सोडले तं अर्ध्या रस्त्यात दोघं बी कोमट. मंग पुढं कोण कोणाले गार करन? उलटं सोडलं तं निघत्या दुधाले सगळ्यात गार पाणी भेटते." एवढं सांगून झालं की पाहुणा मान हलवायचा आणि किसनसिंगला त्या दिवशीची भाकर गोड लागायची.

हे ज्ञान त्याला पुस्तकातून मिळालं नव्हतं, अंगावर फोड उठवून मिळालं होतं. तो लालू नाईक तांड्याचा. दिवाळी उरकली की अर्धा तांडा ऊस तोडायला पश्चिमेकडं निघायचा, त्यात त्याचे आई-बाप. पोरं मागं ठेवायची ती जमनीकडं. जमनी त्याची काकी, बापाच्या धाकट्या भावाची बायको, ऐन तारुण्यात विधवा झालेली. तिनं दुसरं घर केलं नाही. दोन म्हशी आणि दिराची पोरं सांभाळत राहिली. बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आईला याडी म्हणतात. किसनसिंग जिनं जन्म दिला तिलाही याडी म्हणायचा आणि जमनीलाही. वर्षातले सहा-सात महिने डोक्याला तेल लावायला, पाठीत धपाटा घालायला आणि शाळेत हाकलायला जमनीच होती, तेव्हा खरी याडी कोण हे त्याला कोणी विचारलं नाही ते बरंच.

मिसरूड फुटल्यावर तोही कोयता घेऊन गेला. तिथं साखर कारखान्यात रस तापवायचे मोठाले पिंप होते. पिंपात शेकडो नळ्या उभ्या, नळ्यांतून उसाचा रस वाहायचा, नळ्यांबाहेरून वाफ. रस वाफेला भेटत नाही, पण तापतो. हंगाम संपला की नळ्यांना आतून दगडासारखं पुट चढलेलं असायचं. पुट चढलं की वाफ कितीही सोडा, गरमी आत शिरत नाही. ते पुट सळीला ब्रश लावून खरवडायचं, तेही पिंप पुरतं निवायच्या आत. या कामाला कारखान्याची कायमची माणसं तयार नसायची, मग ऊसतोड्यांची पोरं पकडायची. किसनसिंग तिथं सापडला आणि रमला. पुढं जमनीनं एक म्हैस विकून त्याला पुसदला आयटीआयला घातलं. फिटर झाला, मोटर स्टँडमागं रेडिएटरच्या दुकानात बसला. तिथं नळ्यांत इंजिनाचं गरम पाणी आणि बाहेरून पातळ पत्र्यांच्या झालरीतून वारा. तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला, की कारखान्याचं पिंप, ट्रॅक्टरचं रेडिएटर आणि अंघोळीचं पाणी तापवायचा घरचा बंब ही सगळी सख्खी भावंडं. बंबात मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी. विस्तव पाण्यात पडला तर दोन्ही गेले. मधली भिंत आहे म्हणून संसार आहे.

मग मोहफाट्याला केंद्र निघालं आणि त्याला ऑपरेटरची जागा मिळाली.

त्याआधी फाट्यावर नुसतं दूध जमायचं. तेव्हा तांड्याचं कॅन वेगळं ठेवायची रीत होती. ती कोणी घातली आणि का घातली, विचारायची सोय नव्हती. "तांड्याचं दूध म्हणजे अर्धं पूस धरण," असं गावातले लोक हसत म्हणायचे आणि तांड्याच्या बायाही मेल्याहून मेल्यासारख्या हसायच्या. प्लेटांचं मशीन आलं आणि सगळं दूध एकाच हौदात, एकाच पाइपात, एकाच टाकीत जाऊ लागलं. मशीनला गाव कळत नव्हतं आणि तांडा कळत नव्हता. किसनसिंगचा जीव त्या लोखंडावर जडला तो यासाठी. अख्ख्या फाट्यावर तेवढी एकच वस्तू होती जी त्याच्या आडनावाकडं बघत नव्हती.

म्हणून त्यानं केंद्र आरशासारखं ठेवलं. तांड्याचा माणूस ठेवला म्हणून घाण झाली, असं कोणी म्हणू नये, हा एकच ध्यास. फरशी दिवसातून तीनदा धुवायचा. गार पाण्याच्या टाकीत उन्हाळ्यात शेवाळ धरायचं, कधी आंबूस वास यायचा. ग्रामपंचायत विहिरीत टाकायला ब्लीचिंग पावडर देते, त्यातली पिशवीभर तो मागून आणायचा आणि दर आठवड्याला ओंजळभर टाकीत सोडायचा. पिण्याच्या विहिरीला जे चालतं ते इथं का चालू नये? पाणी कसं काचेसारखं व्हायचं. दूध संस्थेचे अध्यक्ष सदाशिवराव येणाऱ्या-जाणाऱ्याला टाकीचं झाकण उघडून दाखवायचे.

सदाशिवराव म्हणजे फाट्याजवळचेच कापूस-सोयाबीनवाले शेतकरी, चांगलं बागायत बाळगून असलेले. माणूस वाईट नव्हता, अध्यक्ष होता एवढंच.

आणि तांड्याचं दूध आणायची जमनी. आता ती साठीला टेकली होती. तांड्याच्या बाया फाट्यावर येत नसत. पहाटे जमनीच्या दारात येऊन तिच्या कॅनमध्ये आपापलं दूध घालायच्या आणि शेतात निघून जायच्या. जमनी ऑटोत कॅन घालून केंद्रावर आणायची. इतक्या वर्षांत जमनीच्या मापात कोणी खोट काढली नव्हती. तांड्यात भावाभावांत बांधावरून डोकी फुटायची, पण दुधाचं माप जमनीचं म्हटलं की विषय संपला. म्हातारीची सगळी मिळकत तीच होती. दागिना नव्हता, जमीन नव्हती, पोटचं पोर नव्हतं. एक शब्द होता.

गेल्या उन्हाळ्यात वरच्या डेअरीतून निरोप आला, की मोहफाट्याचं टँकरचं दूध पातळ येतंय.

पहिल्यांदा कोणी मनावर घेतलं नाही. पुन्हा निरोप आला, मग तंबी आली. दारावर तर प्रत्येक कॅनमध्ये लॅक्टोमीटर बुडवून दूध घेतलं जात होतं आणि तिथं सगळं बरोबर. मग पाणी येतं कुठून? वरच्या डेअरीतल्या शहाण्यांनी फोनवरून निदान केलं: कोणीतरी पाणी घालून वर साखर-मीठ टाकतंय, म्हणजे लॅक्टोमीटर फसतो. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचं निदान नेहमी पक्कं असतं. आणि मग फाट्यावर सगळ्यांच्या नजरा जिकडं जायच्या तिकडं गेल्या. तोंडानं कोणी काही बोललं नाही. जमनीचा ऑटो आला की रांगेतल्या गप्पा तेवढ्या थांबायच्या.

किसनसिंगला ते सहन होईना. "भाऊ, असा कोणावर बी इल्जाम नाही चालत," तो सदाशिवरावांना म्हणाला. "एक एक गावाचं दूध येगळं येगळं मशीनीतून काढू. दुधाच्या टाकीच्या तोंडाशी गार दूध तपासू, तपासणीचं यंत्र तिथंच हाय. ज्याचं पाणी त्याच्या पदरात."

"आन तांड्याचं निघालं तं?" सदाशिवरावांनी विचारलं.

"निघत नाही. आन निघालं तं मी सोताच्या हातानं नालीत ओतीन."

त्याला खात्री होती. याडीच्या मापाची होती आणि मशीनची तर होतीच होती. हा न्याय त्यानं स्वतःच्या डोक्यातून काढला आणि सगळ्यांसमोर मांडला, याचा त्याला अभिमानही वाटला. काय करणार, माणसाला आपल्याच हातानं खणलेला खड्डा विहीर वाटतो.

सकाळी सगळे जमले. मोठ्या गावांचं दूध आधी गेलं. पिंपच्या पिंप दूध, पंप भरधाव. आकडा जरासा उतरला, पण इतकं तितकं चालायचंच म्हणून कोणी बोललं नाही. शेवटी तांड्याची दोन कॅन. एवढंसं दूध म्हणून किसनसिंगनं पंप धीमा केला. गार होऊन दूध टाकीच्या तोंडाशी आलं, नमुना यंत्रात गेला आणि आकडा असा काही घसरला, की सदाशिवरावांनीच तो दोनदा घ्यायला लावला. दुसऱ्यांदाही तोच.

रांगेत खसखस पिकली. "आता बोला," कोणीतरी म्हणालं.

जमनी पुढं आली. घागऱ्याचा काठ सावरत मशीनपाशी उभी राहिली. ती रडली नाही, ओरडली नाही. तांड्यात बोलायची तशी गोरबोलीत नाही, सगळ्यांना कळावं म्हणून गावच्या बोलीत बोलली.

"किसन, म्हशी त्याच, बाया त्याच, कॅन बी तेच. दारावर तूच पाह्यलं ना दूध? तवा बरोबर होतं. मंग खराबी झाली ते तुह्या मशीनीत झाली. मशीन उघडून पाह्य."

लोक हसले. किसनसिंगचे कान तापले. घरच्या माणसाला पाठीशी घातलं असं आज कोणी म्हटलं, तर इतक्या वर्षांची फरशी धुतलेली वाया. आणि प्लेटांच्या आत पाणी दुधात? जे होतच नाही अशी तो शंभरदा शपथ वाहून चुकला होता ते?

"याडी," तो म्हणाला, "माणूस खोटं बोलते. मशीन नाही बोलत."

आणि त्यानं टाकीच्या तोंडाशी धरलेलं दूध परत कॅनमध्ये भरलं, कॅन कडेला नेलं आणि बोललेला शब्द पाळला. पांढरा ओहळ नालीतून वाहत गेला. लालू नाईक तांड्याच्या बायांनी पहाटे म्हशींच्या कासेखाली बसून काढलेलं ते दूध. जमनीनं रिकामी कॅनं उचलली, झाकणं शोधून नीट बसवली आणि ऑटोकडं चालू लागली. सदाशिवरावांनी किसनसिंगच्या पाठीवर थाप दिली. "शाबास. याले म्हणतात इमानदारी."

त्या थापेनं त्याला बरं वाटलं. हे लिहायला नको वाटतं, पण वाटलं.

तांड्यात बातमी जमनीच्या आधी पोचली. गावानं म्हटलं असतं तर तांड्यानं थुंकी टाकली असती. पण म्हणणारा किसनसिंग होता. तिच्याच हातचं खाल्लेला, तिनं म्हैस विकून शिकवलेला. तो खोटं कशाला बोलेल? कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते असं. दुसऱ्या दिवशी पहाटे जमनी दारात कॅन उघडून बसली. एकही बाई आली नाही. शेजारची हंसाबाई, जिचं बाळंतपण जमनीनं केलं होतं, तीसुद्धा डोक्यावर चरवी घेऊन दारावरून सरळ निघून गेली. बाया पुसदच्या खवेवाल्याच्या गाडीला दूध घालू लागल्या. तो देईल तो भाव आणि म्हणेल ते माप.

किसनसिंगला हे कळत होतं. दोनदा तांड्याच्या रस्त्याला लागून तो परत फिरला. बायको बोलायची, "जाऊन तं पाह्य." तो म्हणायचा, "पाणी टाकाची काय गरज होती तिले?" बायको भाकरी थापत राहायची.

तांड्याचं दूध बंद झालं आणि टँकर जास्तच पातळ जाऊ लागला.

आता मात्र सदाशिवरावांचं तोंड उतरलं. बळी द्यायला तांडाही उरला नव्हता. नागपूरहून मशीनवाल्यांचा माणूस बोलावला. अब्रार त्याचं नाव. मितभाषी, पिशवीत बोल्ट खोलायचे पाने आणि तोंडात लवंग. त्यानं काही विचारलं नाही. बोल्ट सोडले, प्लेटा एकेक करून बाहेर काढल्या, धुतल्या आणि अंगणात जाऊन एक प्लेट उन्हासमोर धरली.

"या भाऊ, पाहा," त्यानं किसनसिंगला हाक मारली.

किसनसिंगनं पाहिलं. पन्हळीच्या खोबणीत सुईच्या टोकाएवढा उजेड. त्याच्या शेजारी आणखी एक. खालच्या बाजूला तर चाळणच.

"टाकीच्या पाण्यात काय टाकता?" अब्रारनं विचारलं.

"ब्लीचिंग."

"काहून?"

"पाणी साफ राहावं म्हणून."

अब्रारनं लवंग या गालातून त्या गालात नेली. "हे स्टील सगळं सोसते. तेजाब सोसते, गरमी सोसते. ब्लीचिंग नाही सोसत. ब्लीचिंग त्याले जागोजाग खाते, टोचून टोचून. वरतून चकचकीत दिसते, आतून भोकं. आन तुमचा पाण्याचा पंप दुधाच्या पंपाहून जोरदार. मशीन चालू असलं की पाणी दुधात घुसते. दूध खूप असलं तं कळत नाही, वाटून जाते. थोडं असलं आन हळू सोडलं तं मंग काही विचारू नका."

किसनसिंगला ती सकाळ आठवली. दोन कॅन. धीमा पंप. त्याच्या हातानं धीमा केलेला.

"आन मशीन बंद केलं," अब्रार सांगत होता, "का जरासं दूध उलटं पाण्यात झिरपते. टाकीले आंबट वास येत असन तुमच्या."

वास यायचा. वास आला की किसनसिंग ओंजळीऐवजी दोन ओंजळी टाकायचा. वास जायचा आणि आठवड्यानं पुन्हा यायचा, तेव्हा तीन. भोकं तो आपल्याच हातानं मोठी करत होता आणि वर फरशी धुवत होता.

"दिल पे मत लो," अब्रार म्हणाला. "तुम्हाले कोणी सांगतलं नसन." तो भला माणूस होता. त्याच्या भलेपणानं किसनसिंगला जास्तच लागलं.

सदाशिवरावांनी त्याला आत बोलावून दार लोटलं. "हे पाह्य किसन, झाकली मूठ सव्वा लाखाची. नव्या प्लेटा बसते, टँकर बरोबर जाते, मामला खतम. वर सांगतलं का आमचंच मशीन फुटकं होतं, तं केंद्राची अब्रू गेली आन तुही नोकरी गेली. जमनीबाईले सांग, उद्यापासून घेऊन ये म्हणा. कोणी काही म्हणणार नाही."

"आन जे झालं ते?"

"काय झालं? दोन कॅन दूध सांडलं. तुह्याच हातानं सांडलं."

खोटं काय होतं त्यात? किसनसिंग बाहेर आला. रात्रभर त्यानं कूस बदलली, आणि सकाळी दुधाची रांग लागल्यावर, नोकरी गेली तर गेली म्हणून, तो मशीनपाशी एका उलट्या क्रेटवर उभा राहिला. हातात भोकं पडलेली प्लेट. त्यानं सगळं सांगितलं. ब्लीचिंग सांगितलं, पंप सांगितला, जमनीच्या दुधात पाणी या मशीननं घातलं हे सांगितलं. त्यानं एक अक्षर गाळलं नाही.

रांग ऐकून घेत होती. त्याचं झालं तेव्हा गोपाल नावाचा एक दूधवाला, रोजचाच, स्वभावानं गमत्या, कॅन खाली ठेवून म्हणाला, "किसनभाऊ, आमाले तं तूच शिकवलं ना बाप्पा? दूध पाण्याले शिवत नाही. थेंबभर बी नाही."

सगळी रांग हसली. दुष्टपणानं नाही, सवयीनं हसली. "काकी हाय ना त्याची," मागून कोणी म्हणालं. "रक्त हाय, वढ घेणारच." प्लेट हातोहात फिरली. सुईएवढी भोकं बघून एकानं विचारलं, "एवढ्याशा भोकातून कॅनभर पाणी येते काय?" आणि रांग पुढं सरकली. सदाशिवरावांनी त्याला कामावरून काढलं नाही. त्याची गरजच पडली नाही.

इतकी वर्षं त्याच्या तोंडचं एक वाक्य लोकांनी पदरात बांधून ठेवलं होतं, आणि नेमकं तेच आता सोडायला कोणी तयार नव्हतं.

दुपार कलल्यावर तो प्लेट घेऊन तांड्यावर गेला. जमनीच्या अंगणात बायांना बोलावलं. आल्या. पदर तोंडावर धरून उभ्या राहिल्या. त्यानं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, या वेळी गोरबोलीत, आणि प्लेट उन्हासमोर धरून प्रत्येकीला उजेडाचे ठिपके दाखवले. हंसाबाईनं डोळा बारीक करून पाहिलं.

"मंग तवा काहून नाही पाह्यलं?" ती म्हणाली.

किसनसिंगनं प्लेट खाली घेतली. बाया एकेक करून पांगल्या. हंसाबाई तेवढी जमनीकडं बघत दारात घुटमळली. खवेवाल्याची गाडी यायची वेळ झाली होती. तीही गेली.

जमनी चुलीपाशी बसली होती. गोठ्याचा खुंटा रिकामा होता. किसनसिंगनं तिकडं पाहिलं.

"इकली," जमनी म्हणाली. "मागच्या बाजारात. एकटीच्या म्हशीचं दूध घेऊन ऑटोनं कुठं फिरू? दुसरी आधीच भाकड होती, थे बी सोबत दिली."

तो तिच्यापुढं जमिनीवर बसला. इतका वेळ धरून ठेवलेलं रडू त्याला आवरेना. "याडी, चुकलो. मशीन फुटकं होतं. तू सांगत होती तेच खरं होतं."

"मले मालूम हाय मी काय सांगतलं ते." जमनी चूल फुंकत होती. आवाज चढला नव्हता. "म्या म्हटलं तवा तू नाही उघडलं. नागपूरचा माणूस आला तवा उघडलं. थो तुहा कोण लागते रे?"

"कोणी नाही."

"आन मी?"

चुलीवर पाणी उकळत होतं. जमनीनं त्यात चहापत्ती टाकली, साखर टाकली, फडक्यानं भांडं उतरवलं आणि पितळी कपात गाळून कप त्याच्यासमोर सरकवला. कोरा, काळा चहा. या घरात जन्मात कधी कोरा चहा झाला नव्हता. उसाला गेलेल्या आई-बापाच्या आठवणीनं रात्री तो रडायचा, तेव्हा हीच म्हातारी त्याला सायीसकट दूध पाजायची.

"घे," ती म्हणाली. "दूध नाही त्याच्यात. सारं पाणीच हाय. भरोसा नसन तं ने, तुह्या मशीनीतून काढून पाह्य."